टर्कीची लूसी

"माणसानं जगायचं तरी कशासाठी," ऑरिन फ्रीजमध्ये तोंड घालून पुटपुटला.

मी त्याच्या मागे हातभर अंतरावर गाजरं सोलत उभी होते, म्हणजे हे मला ऐकवण्यासाठीच होतं. पण आमच्याकडे नवरा बायकोकडे तक्रार करत नाही. तो फ्रीजकडे करतो, गॅरेजच्या दाराकडे करतो, फारच झालं तर हवेकडे करतो, आणि बायकोनं ती जाताजाता ऐकायची असते. उत्तरही थेट द्यायचं नसतं. मी हातातल्या गाजराला म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय."

खरं तर डॉक्टरांनी "बीफ जरा कमी करा" एवढंच म्हटलं होतं. बंद आम्हीच केलं, आणि आम्हीच नव्हे, सगळ्या गल्लीनं केलं. मार्च महिन्यात दक्षिण मिनियापोलिसमधल्या आमच्या या गल्लीतला प्रत्येक पुरुष आपापली छाती तपासून घेऊन आला आणि घरी येताच त्याला गाईच्या मांसाचा कंटाळा आला. हार्लन, आमच्या समोरचे निवृत्त बसचालक, म्हणाले की दातांना झेपत नाही. त्यांच्या शेजारच्या युनिसनं सांगितलं की गाईंमुळे हवा बिघडते, तिनं कुठेतरी वाचलंय. ऑरिन म्हणाला, मला बीफ तसं कधी फारसं आवडलंच नाही. इतकं मोठं खोटं तो माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा बोलला नव्हता.

फेब्रुवारीत वेंडेल क्वाम स्वतःच्या गॅरेजपुढचा बर्फ उपसता उपसता ढिगाऱ्यावर टेकला आणि उठला नाही, या गोष्टीचा उल्लेख कुणी केला नाही. वेंडेल आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, आर्डिसला, स्पष्ट सांगितलं होतं की ओला बर्फ जड असतो, त्या वयात एवढं फावडं मारायला नको होतं. पण मिनेसोटात राहून बर्फ कसा सोडणार? म्हणून आम्ही बीफ सोडलं.

आता ऑगस्ट तोंडावर आला होता. ऑगस्टात एका संध्याकाळी आम्ही गल्ली दोन्ही तोंडांनी बंद करतो, टेबलं रस्त्यावर काढतो आणि सगळे मिळून जेवतो. त्या जेवणात वेंडेल लूसी करायचा. लूसी म्हणजे पोटात चीज असलेला बर्गर. खिम्याच्या दोन पातळ चकत्या, मध्ये चीज, कडा दाबून बंद. बाहेरून भाजला जातो तसं आतलं चीज वितळून उकळू लागतं, आणि पहिला घास घेणाऱ्याची जीभ हमखास भाजते. आमच्या भागातल्या दोन खानावळी लूसी प्रथम कुणी केली यावरून कित्येक वर्षं भांडताहेत, अर्थात अतिशय सभ्यपणे. वेंडेलचं म्हणणं असे की दोघंही चुकीचं करतात. तेलाचं पिंप आडवं कापून त्यानं स्वतः बनवलेली एक भलीमोठी शेगडी होती. तिच्यापाशी तो सकाळपासून उभा राही, आणि कुणी चिमट्याला हात लावला तर काही बोलत नसे, फक्त त्या हाताकडे बघत राही.

जूनमध्ये युनिसच्या ओसरीवर बैठक झाली. यंदा लूसीचं काय, असा विषय निघाला. कुणीतरी पावसाचं कौतुक केलं. दुसऱ्या कुणीतरी युनिसच्या कुंड्यांचं केलं. शेवटी मीच म्हटलं, "मी बघते काहीतरी. टर्कीचं."

हे मी का म्हटलं ते सांगायला हवं. आर्डिस त्या बैठकीला नव्हती. फेब्रुवारीपासून ती कशालाच नव्हती. तिचा मुलगा ब्रेंट शेजारच्या राज्यात, फार्गोला असतो, आणि उन्हाळा संपला की आईला तिकडे घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. आर्डिसनं आणि मी तीस वर्षं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना कपडे वाळत घातलेत. माझ्या डोक्यानं घेतलं होतं की त्या संध्याकाळी आर्डिस घरातून बाहेर पडली, तिच्या घडीच्या खुर्चीत बसली, हातात लूसी घेतली, तर ती जाणार नाही. या विचाराला काही आधार नव्हता. माझ्या बहुतेक विचारांना नसतो. पण मी मागे हटत नाही, आणि याबद्दल मला पूर्वीही बराच त्रास झालेला आहे.

तर टर्की. कोंबडीच्या या थोरल्या बहिणीचा दोष हा की तिला चरबी नाही. बीफचा खिमा हातात घेतला की तो तुमच्याशी सहकार्य करतो. टर्कीचा खिमा बोटांना चिकटतो, ओट्याला चिकटतो, चष्म्याला चिकटतो, फक्त स्वतःला चिकटत नाही. चकत्या केल्या, मध्ये चीज ठेवलं, कडा दाबल्या. तव्यावर टाकताच त्या कडा अशा उघडल्या, जशा काही माझीच वाट बघत होत्या. चीज बाहेर आलं, तव्यावर पसरलं, जळलं, आणि धूर झाला की इशारा देणारं छताचं यंत्र कोकलू लागलं. ऑरिन बशा पुसायचा टॉवेल त्या यंत्राखाली शांतपणे हलवत उभा राहिला. पुढच्या आठवड्यांत तो या कामात इतका तरबेज झाला की एका हातात वर्तमानपत्र धरून करू लागला.

आणखी एक संकट. बीफ आतून थोडं कच्चं राहिलं तरी लोक खातात, उलट आवडीनं खातात. टर्की पूर्ण शिजावीच लागते, नाहीतर सगळी गल्ली दवाखान्यात. आणि टर्की पूर्ण शिजेपर्यंत आतलं चीज कंटाळून निघून जातं. म्हणजे ज्या पदार्थाचं सगळं महत्त्व पोटात, त्याचं पोट रिकामं. मी चाकूनं एक कापून बघितली. मध्ये सुबक पोकळी होती, चीज जिथे होतं तिथे. बाकी सगळीकडे खडूसारखं काहीतरी.

मग सल्ले आले. आमच्याकडे सल्ला देण्याची एक पद्धत आहे. तो स्वतःच्या नावानं द्यायचा नसतो. युनिस दारात येऊन म्हणाली, "मी नाही म्हणत हं मार्लिस, पण काही काही लोक म्हणे त्यात मशरूम सूपचा डबा घालतात." आमच्या भागात कुठलाही पदार्थ फसला की मशरूम सूपचा डबा घालतात. मी घातला. टर्कीची लापशी झाली. हार्लन म्हणाले, असं ऐकलंय की जंगली तांदूळ शिजवून कालवला तर ओल राहते. मी कालवला. तांदळाचे दाणे चकतीतून काटेरी जनावरासारखे बाहेर आले. त्यावर हार्लननी दुसऱ्या दिवशी, पुन्हा कुणाकडूनतरी ऐकून, किसलेली झुकिनी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा भोपळा, सुचवली. यात त्यांचा स्वार्थ होता. जुलैअखेर आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या परसात झुकिनी माजलेली असते, आणि गाडीची काच उघडी ठेवून दुकानात गेलात तर परत येईपर्यंत मागच्या सीटवर दोन ठेवलेल्या असतात. हार्लन चार घेऊन आले. नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटल्यावर घ्यावं लागतं, हाही आमच्याकडचा नियम.

झुकिनी घातलेली तिसरी की चौथी आवृत्ती मी रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर ठेवली. छोटे छोटे तुकडे, काड्या टोचून. मंडळींनी चाखले. युनिसनं बराच वेळ चावून सांगितलं, "वेगळंच आहे हो." पाद्रीबाई म्हणाल्या, "विचार करायला लावणारं आहे." हार्लननी कॉफीची तारीफ केली.

आता मी याच मातीत वाढलेली बाई आहे. आमच्याकडे "वेगळंच आहे" म्हणजे काय, हे मला कळत नाही असं नाही. माझी आजी हेच शब्द, याच सुरात, हिरव्या जेलीत गाजर आणि कोलंबी घालणाऱ्या एका बाईला म्हणाली होती, आणि त्यानंतर त्या दोघी अकरा वर्षं बोलल्या नव्हत्या. पण माणूस रडकुंडीला आला की स्वतःच्या भाषेचा अर्थ स्वतःला सोयीचा लावतो. मी घरी येऊन ऑरिनला सांगितलं, "लोकांना वेगळं वाटलं." ऑरिननं फ्रीज उघडला, आत बघितलं, आणि काही न बोलता लावला. फ्रीजलाही सांगता येणार नाही असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

यानंतर परवानगी. गल्ली बंद करायची तर शहराच्या कचेरीत कळवावं लागतं, आणि रस्त्यावर कोळसा पेटवायचा तर शेगडीसाठी एक जबाबदार इसम लागतो. त्याच्या नावाचं लाल कार्ड येतं, ते शेगडीला टांगायचं. मी फोन केला. कार्यालयातली बाई फार गोड बोलत होती, आणि हेच नडलं. तिनं सांगितलं की आमच्या गल्लीच्या शेगडीवर गेली कित्येक वर्षं वेंडेल क्वाम हे नाव आहे. बदलायचं असेल तर त्यांनी स्वतः एकदा फोन करून सांगायला हवं.

"ते सध्या उपलब्ध नाहीत," मी म्हटलं.

"कधी उपलब्ध होतील?"

"तसं नक्की सांगता येणार नाही."

"परगावी आहेत का?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे आर्डिसच्या दोरीवर एकच उशीचा अभ्रा वाळत होता. "एका अर्थी," मी म्हटलं.

"मग राहू दे त्यांचंच नाव," ती बाई म्हणाली. "कशाला त्यांना त्रास. परत आले की कळवा."

मी बरं म्हटलं. आभारही मानले, दोनदा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी काय करून बसले. पण तुम्हीच सांगा, त्या अनोळखी बाईचा चांगला चाललेला मंगळवार मी कशाला नासवायचा होता? तिला वाईट वाटलं असतं. मग तिला वाईट वाटलं म्हणून मला वाईट वाटलं असतं. मी स्वतःला असं समजावलं, पण खरं ते नव्हतंच. वेंडेलबद्दल तो एक शब्द माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडला नव्हता, आणि पहिल्यांदा तो शहराच्या कचेरीला सांगायचा, हे मला जमलं नाही.

आठवड्यानं लाल कार्ड आलं. जबाबदार इसम : वेंडेल क्वाम. मी ते कणकेच्या डब्यामागे ठेवलं.

सगळ्यात अवघड काम तसंच राहिलं होतं. एवढ्या लोकांच्या लूसी आमच्या घरच्या पिटुकल्या शेगडीवर झाल्या नसत्या. वेंडेलचं पिंप हवं होतं, आणि ते आर्डिसच्या गॅरेजमध्ये होतं. ते मागायला मी तिच्याकडे गेले. एकदा नव्हे, तीनदा गेले. दरवेळी तिनं कॉफी केली, आम्ही हवेबद्दल बोललो, हार्लनच्या झुकिनीबद्दल बोललो, मग मी निघते म्हणून उठले, दारापाशी अर्धा तास उभी राहिले, पायरीवर पाव तास, फाटकापाशी आणखी थोडा वेळ, आणि शेगडीचं नाव न काढता घरी आले. तिच्या स्वयंपाकघरात वेंडेलची टोपी अजून खुंटीवर होती. दोघींनीही खुर्च्या अशा ठेवल्या होत्या की तिकडे पाठ व्हावी.

"ते टर्कीचं कसं चाललंय?" तिसऱ्या वेळी तिनं विचारलं.

"बरं चाललंय."

"ऐकू येतं," ती म्हणाली. आमचं धुराचं यंत्र कुंपणापलीकडे चांगलं ऐकू जातं, हे मी विसरले होते. मग ती कपाकडे बघत म्हणाली, "ब्रेंट म्हणतो, तिकडच्या घराला पायऱ्या नाहीत."

मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. अगदी ओठांवर होतं.

"पायऱ्या नसल्या की गुडघ्यांना बरं," मी म्हटलं.

"हो ना."

"आणि फार्गोला वारा छान असतो."

फार्गोच्या वाऱ्याबद्दल आजपर्यंत जगात कुणीही चांगलं बोललेलं नाही. आर्डिसनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला काही हवं होतं का, मार्लिस?"

"छे गं, सहज आले होते," मी म्हटलं. त्यानंतर दारापाशीचा अर्धा तास वगैरे सगळं झालं. फाटकातून बाहेर पडताना माझ्या हातात तिनं दिलेली एक झुकिनी होती. हार्लनचीच असावी.

त्या रात्री मी ऑरिनला म्हटलं, सगळं रद्द करू. यंदा बाजारातून काहीतरी आणून वाढू. मला एक खिम्याची गोळी नीट बंद करता येत नाही, एक शेगडी मागता येत नाही, आणि तीस वर्षांच्या मैत्रिणीला मी वाऱ्याचं कौतुक सांगून आले. ऑरिन विचार करून म्हणाला, "करता आलं असतं तसं." आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो. मग त्यानं टॉवेल उचलून यंत्राखाली नेहमीच्या जागी ठेवला. त्याच्या परीनं तो मला धीर देत होता, हे मला उशिरा कळलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी बाहेर आले तर आर्डिसच्या गॅरेजचं दार सताड उघडं. आत अगदी पुढ्यात वेंडेलची शेगडी, पुसून लख्ख केलेली, आणि कडीला चिमटा टांगलेला. घराचे पडदे मात्र ओढलेले. ऑरिन आणि हार्लन तिथे उभे राहून बघत होते.

"वाऱ्यानं उघडलं वाटतं दार," हार्लन म्हणाले.

ते दार दोन्ही हातांनी उचलावं लागतं, आणि उचलतानाही कण्हावं लागतं. त्या सकाळी पानसुद्धा हलत नव्हतं. "वाराच," ऑरिन म्हणाला. दोघांनी शेगडी ढकलत रस्त्यावर आणली, आणि वाटेत एकमेकांकडे पाहिलं नाही. मी लाल कार्ड कडीला अडकवलं, अक्षरं आतल्या बाजूला करून. टेबलांच्या पहिल्या रांगेत आर्डिसची घडीची खुर्ची उघडून ठेवली. त्या खुर्चीच्या एका हाताला प्लॅस्टिकची दोरी सुटलेली आहे, वेंडेल दरवर्षी म्हणे पुढच्या वर्षी विणतो.

संध्याकाळबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण अजून अंगावर काटा येतो. ज्यांना घरचा तवा साथ देत नाही त्यांनी परक्याच्या शेगडीवर जाऊ नये. वेंडेलच्या शेगडीच्या जाळीला मोठमोठी भोकं होती. बीफच्या लूसी त्यांवर नीट बसायच्या. माझ्या टर्कीच्या लूसी आधी बसल्या, मग खचल्या, मग हळूहळू भोकांतून खाली उतरू लागल्या. चीज कोळशावर पडलं आणि भडका उडाला. भडका विझवायला मी झाकण लावलं, तर धूर इतका झाला की दोन घरं पलीकडच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. मी उलथन्यानं जे वाचेल ते वाचवलं. आकार म्हणाल तर आमच्याकडच्या तळ्यांसारखे, एकाला दुसरा मिळत नव्हता. माझ्या एका भुवईचा बराचसा भाग त्या दिवशी गेला, तो अजून पूर्ण आलेला नाही.

आणि तरी गल्लीनं रांग लावली. प्रत्येकानं एकेक घेतली, पावात घातली, वर केचप ओतला, आणखी केचप ओतला. "वेगळंच आहे," रांगेतून ऐकू येत होतं. "किती राबलीस गं." "टर्की आहे हे लगेच कळतं, नाही?" युनिसच्या कुत्र्यानं एक तुकडा हुंगला आणि तो मान खाली घालून घरी गेला. एकाचीही जीभ भाजली नाही, कारण कुणाच्याही लूसीच्या पोटात काही शिल्लक नव्हतं. ऑरिननं डोळे मिटून एक अख्खी खाल्ली आणि म्हणाला, "गरम आहे." आमच्या संसारात त्यानं माझ्यासाठी केलेल्या मोठ्या त्यागांत मी हा वरचा धरते.

शेवटी ताटात एक उरली. ती कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं, कारण घडीची खुर्ची रिकामी होती. आता आमच्याकडे ताटातला शेवटचा नग कुणी उचलत नाही. मेला तरी उचलणार नाही. पण ताट तसंच राहिलं तर करणाऱ्याचा अपमान. म्हणून हार्लन पुढे झाले, अर्धी कापून घेतली आणि अर्धी ठेवली. थोड्या वेळानं युनिसनं त्या अर्ध्याची अर्धी घेतली. मग पाद्रीबाईंनी. मग कुणाच्या तरी जावयानं, त्याला कुणीतरी कोपरानं ढोसल्यावर. मी चिमटा हातात धरून बघत होते. माझ्या भल्यासाठी माणसं ती लूसी कणाकणानं गिळत होती, आणि आर्डिसच्या घराचे पडदे हलत नव्हते. अंधार पडायला लागला होता. ताटात कोटाच्या बटणाएवढा तुकडा राहिला, आणि तो आणखी कापता येईल एवढा बारीक चाकू कुणाकडे नव्हता.

तेवढ्यात अग्निशमन दलाची गाडी आली. ती दरवर्षीच येते, मुलांना चढू देतात, भोंगा वाजवू देतात. पण यंदा ड्रायव्हरनं लांबूनच धूर पाहिला आणि भोंगा स्वतःच वाजवत आला. गाडीतून एक तरुण उतरला, गुलाबी गालांचा, बहुधा नवीनच. त्यानं शेगडीची पाहणी केली, झाडापासूनचं अंतर नजरेनं मोजलं, ते कमी भरलं. मग त्यानं कार्ड उलटं केलं आणि वाचलं.

"वेंडेल क्वाम कोण?" त्यानं विचारलं.

तीसेक माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"मला त्यांच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "कुठे आहेत?"

"आत्ता नाहीयेत इथे," युनिस म्हणाली.

"तळ्यावर गेले असतील," हार्लन म्हणाले. "त्यांना मासेमारीचं वेड." हे बोलून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

त्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, कारण चिमटा माझ्या हातात होता. माझ्या तोंडून तेच निघालं जे फोनवर निघालं होतं. "ते सध्या उपलब्ध नाहीत."

"मग मी थांबतो," तो म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. खरोखरच हात मागे बांधून शेगडीपाशी उभा राहिला, वेंडेल उभा राहायचा तिथेच. आणि आम्ही सगळे, शिकलेसवरलेले, टॅक्स भरणारे लोक, त्याच्याबरोबर थांबलो, जणू वेंडेल खरंच कोपऱ्यावरून वळून येणार होता.

क्वामांच्या घराचं जाळीचं दार वाजलं. आर्डिस पायऱ्या उतरून आली. तिनं वेंडेलचा एप्रन बांधला होता, तो तिला घोट्यापर्यंत येत होता. आपल्या खुर्चीकडे न बघता ती सरळ टेबलापाशी गेली, ताटातला तो बटणाएवढा शेवटचा तुकडा दोन बोटांनी उचलला आणि तोंडात टाकला. सगळ्या गल्लीदेखत, शेवटचा नग. युनिसनं टेबलाची कड धरली.

आर्डिस चावत राहिली. एवढासा तुकडा, पण बराच वेळ चावावा लागला.

"मार्लिस," ती म्हणाली, "हे भयंकर झालंय."

आमच्या गल्लीत असं कुणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं आता मी रडेन, आणि बघते तर छातीवरून काहीतरी जड उतरल्यासारखं वाटत होतं.

"अगदी भयंकर," तिनं पुन्हा चव आठवून सांगितलं. "झुकिनी कसली घालतेस? तीन आठवडे तो वास माझ्या घरात येतोय. पुढच्या वर्षी शेगडी मी पेटवणार. बीफची करणार. तो चिमटा दे इकडे."

पुढच्या वर्षी, ती म्हणाली. मी ते मनात धरून ठेवलं आणि चिमटा तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाजवला, खट् खट्, वेंडेल वाजवायचा तसा.

गुलाबी गालांचा मुलगा बिचारा एवढा वेळ रीतसर थांबला होता. तो पुढे झाला. "बाई, शेगडी कुणी पेटवायची ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला, "पण कार्ड वेंडेल क्वाम यांच्या नावावर आहे. मला त्यांच्यासाठी थांबावंच लागेल."

आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाकडे, सावकाश.

"नको थांबूस, बाळा," ती म्हणाली. "वेंडेल मेला. फेब्रुवारीत, तिथे, त्या दारापुढे. मेला तो, आणि या सगळ्यांना माहीत आहे."